दिसायला भारी, खेळायला काहीच नाही: असा गेम पैसे देऊन घ्यावा का?

तुम्ही विचारलंय की फायरवॉच या व्हिडिओ गेमचे स्क्रीनशॉट पाहून मोह होतोय, पण मित्र म्हणतात ‘त्यात नुसतं चालायचं आहे’, मग पैसे घालावेत का. मित्र खोटं बोलत नाहीत. बंदूक नाही, शत्रू नाही, मरण नाही, लेव्हल नाही. चालायचं, दोरानं उतरायचं, नकाशा नि होकायंत्र पाहायचं आणि वॉकीटॉकीवर बोलायचं. चार-पाच तासांत गेम आटोपतो. रुपयाला किती तास मिळाले असा हिशेब लावत असाल तर तोट्याचाच सौदा आहे. तरी माझं उत्तर ‘घ्या’ असंच आहे, आणि त्याचं कारण नुसतं सौंदर्य नाही.

नायक हेन्री हा अमेरिकेतल्या वायोमिंगच्या जंगलात एका मनोऱ्यावर बसून वणवा कुठे लागतो ते पाहणारा माणूस. काळ १९८९ चा उन्हाळा, म्हणजे शेजारच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९८८ साली प्रचंड वणवे पेटले त्याच्या पुढचं वर्ष. दुसऱ्या मनोऱ्यावरची डेलायला त्याच्याशी वॉकीटॉकीवर बोलते, आणि काय उत्तर द्यायचं ते आपण निवडतो. आता पाहा, या माणसाचं कामच पाहणं आहे. धूर दिसतो का, वाट कुठे वळते, तळं कोणत्या हाताला राहिलं. त्यामुळे चित्र सुंदर आहे आणि आपण ते पाहत बसतो, हे इथं काम सोडून केलेलं वाटत नाही.

यासाठी एक करा. सेटिंगमध्ये जाऊन नकाशावर आपली जागा दाखवणारी खूण बंद करून टाका. ती चालू असली की माणूस नकाशाकडेच पाहत चालतो. बंद केली की कडा, ओढा, टेकडीचा आकार लक्षात ठेवावा लागतो, आणि ‘यात गेमप्ले, म्हणजे खेळण्यासारखं, कुठे आहे’ हा प्रश्न बराचसा तिथेच सुटतो.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, नवेगावबांधच्या बाजूला. धानाच्या बांध्या संपल्या की जंगल सुरू. इकडे १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतात. मोहफूल वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात, आणि तीच आग पुढे पसरत जाते. माझे काका हंगामात वनविभागाकडे फायर वॉचर म्हणून जातात. मी गेम खेळत असताना ते मागे येऊन उभे राहिले. पहिला प्रश्न, “हा एकटाच काहून हाय? जाळरेषा कोण काढते मग?” (जाळरेषा म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून आधीच जाळून मोकळी केलेली पट्टी.) थोड्या वेळानं म्हणाले, “धूर दिसला का आधी वारा पाहा लागते. हा तं बाईसंग गोष्टीच करून राहिला.” टीका रास्त आहे. आग विझवण्याचं खरं काम गेममध्ये जवळजवळ नाहीच. काकांच्या हातात झाडाच्या हिरव्या फांद्या असतात नाहीतर पाला उडवायचं ब्लोअर. हेन्रीच्या हातात बहुतेक वेळ वॉकीटॉकी. (आणि आता मनोऱ्यावर डोळे लावून बसायची तितकी गरजही राहिली नाही. उपग्रहाला आग दिसली की भारतीय वन सर्वेक्षणाचा संदेश थेट मोबाईलवर येतो.) पण संध्याकाळचा प्रसंग आला तेव्हा काका खाट ओढून बसले आणि लाईन जाईपर्यंत उठले नाहीत.

गेममधली संध्याकाळ इतकी खरी का वाटते, तर ती खऱ्यासारखी काढलेलीच नाही. चित्रकार ऑली मॉसनं अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांची जुनी पोस्टरं डोळ्यांसमोर ठेवली. मोजके सपाट रंग, एकामागे एक ठेवलेले. जवळचं झाड गडद, मधली टेकडी तांबूस, मागचा डोंगर फिका पिवळा. गेम बनवणाऱ्या चमूतल्या जेन एंग आणि बाकीच्यांनी ते चित्र चालता येईल अशा जंगलात उतरवलं. पानापानाचा तपशील नाही, अंतराचा रंग आहे. एप्रिलमध्ये आमच्या तळ्याच्या पाळीवरून दिवस बुडताना पाहिलं की डोळ्यांना असंच दिसतं, पान काही दिसत नाही.

याचा तुम्हाला रोख फायदाही आहे. माझ्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. सावल्या कमी केल्या, रिझोल्यूशन खाली आणलं, तरी दाट झाडीत गेम अडखळतोच. पण देखावा मरत नाही, कारण तो रंगांवर उभा आहे. हुबेहूब फोटोसारख्या गेमची सेटिंग उतरवली तर चिखल उरतो. डाउनलोडही साधारण ४ जीबीचं, म्हणजे दोन-तीन दिवसांच्या मोबाईल डेटात बसतं.

सगळ्याच देखण्या गेमची मी अशी बाजू घेणार नाही. २०१५ चा द ऑर्डर: १८८६ घ्या. चित्र असं की तोंडात बोट जावं, पण खेळाडूच्या हातून कंट्रोल काढून घेऊन त्याला पुन्हा पुन्हा सिनेमा दाखवत बसतो, आणि मधली गोळीबारी शंभर ठिकाणी पाहिलेली. तिथं पाहणं आणि खेळणं यांचा एकमेकांशी संबंध नाही. डिअर एस्थर दुसऱ्या टोकाला. स्कॉटलंडच्या बाजूचं निर्जन बेट, चालायचं आणि निवेदन ऐकायचं, उडीसुद्धा नाही. लोक त्याला डोक्यावर घेतात; मला अर्ध्यात जांभया आल्या. जर्नी मात्र जरूर खेळा. दोन तासांचा आहे, वाळवंट आहे, आणि वाटेत एखादा अनोळखी खेळाडू भेटतो ज्याच्याशी शब्दानं बोलताच येत नाही, फक्त सूर काढता येतो. एवढ्याशा गोष्टीनं जीव लागतो.

फायरवॉचचा शेवट बऱ्याच लोकांना फुसका वाटला, हे आधीच सांगून ठेवतो. रहस्य जितकं चढत जातं तितकं मोठं काही हाती लागत नाही. मला तो शेवट पटला, कारण सुरुवातीलाच कळतं की हा माणूस घरचं दुःख टाळून जंगलात आलाय. संवाद इंग्रजीतच आहेत आणि भरभर चालतात, तेव्हा सबटायटल चालू ठेवा.

सेलमध्ये किंमत बरीच उतरते, तोवर थांबा. स्टीमवर (कॉम्प्युटरचे गेम विकणारं ऑनलाइन दुकान) घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. पहिल्या तासाभरात डेलायलाशी बोलावंसं वाटलं नाही, तर पुढेही वाटणार नाही; सरळ परत करा आणि मोबाईलवर ग्रिस हा गेम घ्या. तो बार्सिलोनाच्या नोमाडा स्टुडिओचा, जलरंगातला, आणि त्यात उड्या मारायला तरी भरपूर आहे.