दिरांच्या घरातला दुसरा राउटर: पत्ते वाटणारा एकच हवा

ताई, तुमचं घर खानापूरजवळच्या गावात, फायबरचा डबा, म्हणजे मुख्य राउटर, पुढच्या सोप्यात, आणि परड्यापलीकडे साठेक फुटांवर दिरांचं घर. पुतणीला सेकंड पीयूसीच्या अभ्यासाला नेट हवं म्हणून तुम्ही बेळगावहून जुना राउटर आणला, केबल टाकली, आणि तेव्हापासून दोन्ही घरांत वायफाय जोडलेलं दिसतं पण नेट येतं-जातं. लाईन तपासायला आलेला माणूस म्हणाला लाईन चांगली आहे. तो खरं बोलला.

केबल दोन्हीकडे पिवळ्या (लॅन, म्हणजे घरातल्या जोडणीच्या) पोर्टात घातलीय असं तुम्ही लिहिलंय, घोटाळा तिथेच आहे. राउटर घरातल्या प्रत्येक मोबाइलला एकेक खासगी पत्ता देतो, बहुतेक वेळा १९२.१६८ ने सुरू होणारा, आणि सगळ्यांची ये-जा एकाच बाहेरच्या पत्त्यावरून करवतो. हे पत्ते वाटायच्या कामाला डीएचसीपी म्हणतात. तुमच्याकडे आता वाटणारे दोन झाले. मोबाइल पत्ता मागतो आणि सहसा ज्याचं उत्तर आधी येईल त्याचं ऐकतो. जुन्या राउटरने आधी दिला तर तो सांगतो, बाहेर जायचं दार माझ्याकडे आहे. पण त्याच्या दाराला बाहेरची वायरच नाही! त्यात दोन्ही डब्यांचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल, तर एका वाड्यात एकाच नावाचे दोघे राहतात आणि पोस्टमनच्या हाकेला दोघेही ओ देतात, तसं होतं.

म्हणून जुन्या राउटरला राउटरचं काम करू द्यायचं नाही. त्याने फक्त वायफाय पसरवायचं.

आधी दोघांमधली केबल काढा. जुना राउटर एकटाच चालू करा, मागचं रिसेटचं बारीक बटण टाचणीने दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. मग मोबाइल त्याच्या वायफायला जोडा, मोबाइल डेटा बंद करा (नाहीतर बऱ्याचदा पान उघडतच नाही, लोक इथेच अडकतात) आणि ब्राउझरमध्ये खालच्या स्टिकरवरचा पत्ता टाका. लॉगिनचा पासवर्ड पहिल्याच फेरीत बदला. सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' (फक्त वायफाय पसरवायची सोय) असेल तर तो निवडला की बरंच काम आपोआप होतं.

नसेल तर क्रम नीट पाळा. आधी त्याचा लॅनचा पत्ता १९२.१६८.१.२५० करा आणि सेव्ह करा. राउटर परत चालू झाल्यावर नव्या पत्त्याने आत शिरा, आणि मगच डीएचसीपी बंद करा. उलट केलंत तर मोबाइलला पत्ताच मिळत नाही आणि परत रिसेटपासून सुरुवात. सोप्यातला डबा स्वतः १९२.१६८.१.१ वर आहे आणि २५० हा आकडा त्याच्या वाटपात येत नाही, एवढं त्याच्या पानावर बघून घ्या. आता केबल पुन्हा पिवळ्या पोर्टातच घाला, निळं वॅन पोर्ट (बाहेरून येणाऱ्या लाईनचं) रिकामं ठेवा. कनेक्शनचं युजरनेम-पासवर्ड जुन्या राउटरमध्ये कुठेही भरायचं नाही, ते पहिल्या डब्याचं काम.

वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवा, सुरक्षेच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए२ निवडा. २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर एका डब्याला चॅनल १, दुसऱ्याला ११ द्या, म्हणजे दोघं एकमेकांच्या आड येत नाहीत. तुमच्याकडच्या दगड-मातीच्या दीड हाती भिंतींतून ५ गिगाहर्ट्झ फार लांब जात नाही, म्हणून केबल टाकलीत ते बरोबरच केलंत. वायफाय रिपीटरच्या, म्हणजे हवेतूनच सिग्नल पकडून पुढे पाठवणाऱ्या डबीच्या, नादाला लागू नका.

मला खरी काळजी त्या केबलची आहे. लांबीची नाही, शंभर मीटरपर्यंत चालते. पण ती परड्यावरून हवेत लोंबतेय का? वडगावात आमच्या दोन घरांमध्ये मी अशीच ओढली होती. मे महिन्यात वळवाच्या पावसात जवळ वीज पडली आणि दोन्ही डब्यांचे पोर्ट एका क्षणात गेले. तांब्याची तार तो झटका सरळ घरात आणते. ती जमिनीतून पाइपातून न्या, लाईटच्या वायरपासून लांब, आणि आभाळ भरून आलं की, गडगडायच्या आधीच, दोन्ही टोकं काढून ठेवा. थोडे पैसे जास्त घालता आले तर घरांमधला तेवढा तुकडा फायबरचा करून दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि केबल जोडणारी डबी) लावा. फायबर काचेचं असतं, आणि काचेतून वीज वाहत नाही. मी नंतर तेच केलं.

लाईट गेल्यावरही अभ्यास चालू राहायचा तर छोटा यूपीएस दोन्ही घरांत लागेल. घेताना डब्याच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर बघून घ्या. फायबरचा डबा बहुतेक १२ व्होल्टचा असतो, जुन्या राउटरचा ९ चाही असू शकतो.

सगळं झालं की दिरांच्या घरात पुतणीचा मोबाइल एकदा वायफायवरून तोडून परत जोडा आणि वायफायच्या तपशिलात गेटवे, म्हणजे बाहेर जायच्या दाराचा पत्ता, बघा. तिथे १९२.१६८.१.१ असेल आणि सोप्यातला डबा बंद केल्यावर तिचं नेट जात असेल, तर जोडणी बरोबर झाली. दुसरंच काही दिसलं तर तो आकडा इथे लिहा, मी रात्री बघतो.