रिकामा एक्सएमएलएनएस रिप्लेस मारून काढायचा नसतो

प्रश्न असा आहे: जुन्या पद्धतीच्या सीएसप्रोज फाइलमध्ये (सी-शार्प प्रोजेक्टची एक्सएमएल फाइल) सी-शार्पच्या कोडने आयटमग्रुप आणि त्यात रेफरन्स जोडला. सेव्ह केल्यावर नव्या टॅगवर एक्सएमएलएनएस (टॅगचा नेमस्पेस सांगणारं अ‍ॅट्रिब्यूट) आणि पुढे रिकामं अवतरण दिसतं, आणि प्रोजेक्ट बिल्ड करणारं एमएसबिल्ड फाइल घेत नाही. सेव्ह करताना स्ट्रिंगवर रिप्लेस मारून ते काढलं तर चालेल का?

माझं उत्तर: नाही. 'फाइल बरोबर दिसतेय ना, मग झालं' हा युक्तिवाद मी कोड रिव्ह्यूमध्ये सतत ऐकतो आणि मला तो अजिबात पटत नाही.

सीरियलायझर, म्हणजे मेमरीतलं टॅगचं झाड मजकूर म्हणून लिहिणारा भाग, इथे खरं तेच लिहितोय. नेमस्पेस म्हणजे टॅग कोणत्या शब्दसंग्रहातला आहे ते सांगणारं नाव; नाव सारखं पण नेमस्पेस वेगळा, तर टॅग वेगळा. प्रोजेक्ट टॅगवर मायक्रोसॉफ्टचा डिफॉल्ट नेमस्पेस आहे, तो शेवटी २००३ असलेला. क्रिएटएलिमेंटला तुम्ही नुसतं नाव दिलंत, म्हणजे नोड (झाडातला तो टॅग) नेमस्पेसशिवाय तयार झाला. अपेंडचाइल्ड करून पेरेंटखाली टाकला तरी पेरेंटचा नेमस्पेस त्याला लागत नाही. नोडचा नेमस्पेस तयार होतानाच ठरतो आणि एक्सएमएलडॉक्युमेंटमध्ये, म्हणजे इथे वापरलेल्या डॉटनेटच्या क्लासमध्ये, नंतर बदलता येत नाही. सेटअ‍ॅट्रिब्यूटने एक्सएमएलएनएस चिकटवलात तरी नोडची नेमस्पेसयूआरआय प्रॉपर्टी रिकामीच राहते.

रिप्लेसने नुसता मजकूर बदलतो, मेमरीतलं झाड तसंच राहतं. त्याच रनमध्ये पुढे 'हा रेफरन्स आधीच आहे का' हे नेमस्पेस मॅनेजर देऊन सिलेक्टसिंगलनोडने तपासलंत, तर तुम्हीच जोडलेला नोड सापडत नाही आणि तो दुसऱ्यांदा जोडला जातो. डॉक्युमेंटवर डिजिटल सही असेल तर आणखी वाईट. सहीआधी मजकूर एका ठरावीक रूपात आणतात, त्या कॅनॉनिकलायझेशनमध्ये नेमस्पेस डिक्लेरेशनही मोजलं जातं, त्यामुळे सहीनंतर रिप्लेस मारला की डायजेस्ट (त्या मजकुराचा हॅश) जुळत नाही.

सरळ उपाय: क्रिएटएलिमेंटला दुसरा पॅरामीटर द्या, डॉक्युमेंटएलिमेंटची, म्हणजे सगळ्यात वरच्या मूळ टॅगची, नेमस्पेसयूआरआय. यूआरआय कोडमध्ये हाताने टाइप करू नका, त्या मूळ टॅगवरूनच घ्या. शेवटी एक जास्तीचा स्लॅश पडला तरी तो वेगळा नेमस्पेस होतो. आणि हे प्रत्येक पातळीवर करायचं. आयटमग्रुपला दिला पण आतल्या रेफरन्सला आणि हिंटपाथला विसरलात, तर रिकामा एक्सएमएलएनएस एक पायरी खाली सरकतो, जात नाही. इन्क्लूड या अ‍ॅट्रिब्यूटला मात्र नेमस्पेस देऊ नका. डिफॉल्ट नेमस्पेस अ‍ॅट्रिब्यूटला लागूच होत नाही. दिलात तर रायटर डी३पी१ सारखा प्रीफिक्स (नावाआधी लागणारं नेमस्पेसचं छोटं नाव) स्वतःच तयार करून लावतो.

जोडायचा एक्सएमएल तुकडा स्ट्रिंगमध्ये तयार असेल तर बहुतेक जण क्रिएटडॉक्युमेंटफ्रॅगमेंट करून त्याच्या इनरएक्सएमएलमध्ये तो ओततात. फ्रॅगमेंट अजून कुठेच जोडलेला नसतो, त्यामुळे पार्सरला आजूबाजूचा नेमस्पेस कळत नाही. तुकड्यात प्रीफिक्स असेल आणि त्याचं डिक्लेरेशन नसेल तर तिथेच एक्सेप्शन येतं. त्यापेक्षा पेरेंट नोडवर क्रिएटनॅव्हिगेटर करा आणि नॅव्हिगेटरच्या अपेंडचाइल्डला ती स्ट्रिंग द्या. ती त्या जागेवर लागू असलेले सगळे नेमस्पेस धरून पार्स होते, डिफॉल्टसुद्धा. एका ओळीचं काम आहे, आणि तरी लोक रिप्लेसकडे धावतात.

दुसऱ्या डॉक्युमेंटमधून नोड आणत असाल तर इम्पोर्टनोड लागतंच, पण ते जुना नेमस्पेस जसाच्या तसा आणतं. तिथे नोड नव्याने बांधावा लागतो.

लिंक टू एक्सएमएल (डॉटनेटची एक्सएमएलसाठीची दुसरी लायब्ररी) वापरत असाल तर हे सोपं आहे, कारण एक्सएलिमेंटचं नेम बदलता येतं. तुकडा पार्स करा, डिसेंडंट्सअँडसेल्फवर फिरा, ज्याचा नेमस्पेस रिकामा आहे त्याचं नेम म्हणजे मुळाचा नेमस्पेस अधिक लोकलनेम असं लिहा. तुकड्याच्या मजकुरातच रिकामा एक्सएमएलएनएस लिहिलेला असेल तर ते अ‍ॅट्रिब्यूट आधी काढा, नाहीतर सेव्ह करताना 'प्रीफिक्स पुन्हा डिफाइन करता येत नाही' म्हणून एक्सेप्शन येईल.

जावावाल्यांसाठी एवढंच: डॉक्युमेंटबिल्डरफॅक्टरीमध्ये नेमस्पेसअवेअर डिफॉल्टने फॉल्स असतं. ते ट्रू करा आणि क्रिएटएलिमेंटएनएसच वापरा.

एक गोष्ट राहिली. रिकामा एक्सएमएलएनएस नेहमीच चूक नसतो. एक्सएसडीमध्ये, म्हणजे एक्सएमएलची रचना ठरवणाऱ्या स्कीमा फाइलमध्ये, एलिमेंटफॉर्मडिफॉल्ट लिहिलेलं नसेल तर ते अनक्वालिफाइड धरतात, म्हणजे आतली लोकल एलिमेंट्स खरोखरच नेमस्पेसशिवाय हवी असतात. सोप या एक्सएमएल निरोपांच्या प्रोटोकॉलवर चालणाऱ्या बऱ्याच जुन्या सर्व्हिसेस अशाच आहेत. तिथे सरसकट रिप्लेस मारलात तर बरोबर असलेली रिक्वेस्ट तुम्ही स्वतःच मोडता. म्हणून आधी स्कीमा उघडून बघा. आणि तुमची सीएसप्रोज नव्या एसडीके पद्धतीची असेल तर व्हिज्युअल स्टुडिओ २०१७ पासून मुळावर नेमस्पेस नसला तरी चालतो. तिथे नुसत्या नावाचं क्रिएटएलिमेंटच बरोबर. मुळाची नेमस्पेसयूआरआय वाचून तीच पुढे दिलीत तर दोन्ही प्रकारच्या फाइलींना एकच कोड पुरतो.