तापली की अडते

प्रश्न : माझी १०० सीसीची कार्ब्युरेटरवाली गाडी सकाळी एका किकमध्ये चालू होते. लांबून आल्यावर बंद केली, की अर्धा तास दाद देत नाही. प्लग नवा आहे.

उत्तर : तपासणी गाडी अडलेली असतानाच करा, थंड झाल्यावर दोष लपतो. प्लग काढून कॅपमध्ये बसवा, भोकापासून दूर हेडला टेकवा, किक मारा. ठिणगी नसेल तर इग्निशन कॉइल (प्लगला वीज देणारी) किंवा पिकअप कॉइलवर (ठिणगीची वेळ कळवणारी) संशय घ्या. तापल्यावर आतली तार तुटक होते. ठिणगी आहे, पण प्लग पेट्रोलने ओला? चोक न ओढता, थ्रॉटल पूर्ण उघडून किक मारा आणि फ्लोटची नीडल, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी सुई, बघा. दोन्ही ठीक असेल तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांतली फट. आमचा पहिला संशय खरं तर इथेच. फट कमी असली की तापलेला व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, कॉम्प्रेशन जातं. रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), मॅन्युअलमधल्या मापाने फट लावा, कानाने नको.