टुरिस्ट व्हिसावर शेतात राहून काम करायचा तुझा प्लॅन

अगं, तुझा प्लॅन दोनदा वाचला. सहा महिने टुरिस्ट व्हिसावर न्यूझीलंडला यायचं, राहायचा खर्च वाचावा म्हणून शेतांवर काम करून तिथेच राहायचं, आणि ओळखीतून नोकरी लागली तर इथेच सेटल व्हायचं. मधला भाग मी स्वतः केलाय आणि मला तो जाम आवडला, पण तो टुरिस्ट व्हिसावर बसत नाही, म्हणून आधी तेच सांगते.

हातात पैसे आले नाहीत म्हणजे ते काम नाही, असं इमिग्रेशनवाले मानत नाहीत. कामाच्या बदल्यात खोली आणि जेवण मिळालं तर इथे तोही मोबदलाच धरतात. त्यामुळे वर्किंग हॉलिडे (तरुणांना फिरता फिरता काम करू देणारा व्हिसा) नाहीतर कामाची परवानगी असलेला दुसरा कुठलातरी व्हिसा लागतो. मी स्टुडंट व्हिसावर आले होते आणि उन्हाळ्याच्या मोठ्या सुट्टीत फुल टाइम कामाची परवानगी व्हिसावरच लिहिलेली होती, म्हणून मला जमलं. "सगळेच करतात, कोण विचारतंय" असं तुला कोणीतरी सांगेलच. पण विमानतळावर विचारलं आणि तिथूनच परत पाठवलं, तर पुढे बऱ्याच देशांच्या व्हिसा फॉर्मवर "कधी प्रवेश नाकारला होता का" याला हो लिहावं लागतं, आणि ते लिहिणारी तू असशील, सल्ला देणारा नाही.

बाकी देशांतही फार वेगळं नाही. ब्रिटनमध्ये व्हिजिटरला फक्त नोंदणीकृत चॅरिटीसाठी, तेही 30 दिवसांपर्यंतच व्हॉलंटिअरिंग करता येतं. ऑस्ट्रेलियात वर्किंग हॉलिडेचं दुसरं वर्ष मिळवायला ग्रामीण भागात ठराविक काम करावं लागतं, पण 1 डिसेंबर 2015 पासून बिनपगारी शेतकाम त्यात धरत नाहीत, पे स्लिप लागते. जुनी माहिती वाचून लोक तीन महिने फुकट राबतात आणि मग कळतं.

आता हे प्रकरण मुळात काय आहे ते बघ. वूफ (WWOOF), म्हणजे सेंद्रिय शेतांवर कामाच्या बदल्यात राहायची सोय जुळवणारं नेटवर्क, 1971 मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालं. लंडनमध्ये सेक्रेटरी असलेल्या स्यू कॉपर्ड यांना शहराबाहेर जायचं होतं, म्हणून त्यांनी ससेक्समधल्या एका सेंद्रिय शेतावर वीकेंडला कामाच्या बदल्यात राहायची सोय जमवली. तोच हिशोब अजून चालू आहे, दिवसाला साधारण चार ते सहा तास काम, बाकी वेळ तुझा. मेंबरशिप बहुतेक ठिकाणी देशागणिक वेगळी घ्यावी लागते.

होस्ट, म्हणजे ज्यांच्या शेतावर राहशील ते, निवडताना फोटोंवर जाऊ नकोस, रिव्ह्यू वाच, आणि त्यातही एकट्या राहिलेल्या मुलींचे आधी वाच. मग मेसेजमध्ये सरळ विचार: रोज किती तास, सुट्टीचे वार कुठले, खोली वेगळी आहे का, आतून कडी लागते का, रेंज येते का, गावापर्यंत बस आहे की होस्टच्या गाडीशिवाय हलता येत नाही. हा शेवटचा प्रश्न मी पहिल्यांदा विचारला नाही आणि फसले. काम पाच तासांचं ठरलेलं, पण तिथे पोचल्यावर सकाळी वाफ्यातलं तण आणि दुपारी त्यांच्या भाड्याने द्यायच्या कॉटेजच्या चादरी बदलणं, संडास घासणं. पाहुण्यांकडून ते पैसे घेणार आणि साफसफाई मी फुकट करणार! बोलायला गेले तर "अजून तुला सवय नाही" म्हणे. निघायचं तर स्टॉप लांब आणि गाडी त्यांचीच. शेवटी शेजारच्या आजींनी सोडलं. म्हणून परतीच्या तिकिटाचे आणि चार रात्री हॉस्टेलचे पैसे वेगळे ठेव, त्याला हात लावू नकोस.

दुसरं घर मात्र सोन्यासारखं मिळालं. पहिल्याच दिवशी काकांनी विजेच्या कुंपणाशी नेऊन गवताची लांब काडी तारेला कशी टेकवायची ते दाखवलं, करंट चालू असेल तर काडीतून बोटाला बारीक टक् टक् जाणवतं. आणि फाटक जसं असेल तसंच ठेवायचं, उघडं तर उघडं, बंद तर बंद, हे इतक्यांदा ऐकलं की अजून स्वप्नात येतं. क्वाड बाइक (शेतात फिरायची चार चाकांची बाइक) दिली तरी नीट शिकवल्याशिवाय चालवू नकोस. अपघातात लागलं तर इथे एसीसी ही सरकारी अपघात विमा योजना व्हिजिटरच्याही उपचाराला मदत करतं, पण आजारपणाला नाही, आणि बऱ्याच ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये अंगमेहनतीचं काम वगळलेलं असतं, ती बारीक अक्षरं वाच.

नोकरीचं म्हणशील तर होस्ट कितीही गोड असो, वर्क व्हिसासाठी सहसा अ‍ॅक्रेडिटेड एम्प्लॉयर, म्हणजे इमिग्रेशनने मान्यता दिलेला मालक, लागतो, आणि चार मेंढ्या आणि एक भाजीचा वाफा असलेलं कुटुंब ते नसतं. त्यामुळे सेटल व्हायचा प्लॅन वेगळा कर, शिक्षण किंवा तुझ्या फील्डमधली नोकरी. फक्त फिरायला येणार असशील तर महिन्याला 1000 न्यूझीलंड डॉलर तरी खात्यात दाखवावे लागतात.

बूट आणू का विचारलंयस. गमबूट बहुतेक होस्टकडे असतात. स्वतःचे आणलेस तर माती राहू नये म्हणून तळव्याच्या खाचा ब्रशने घास आणि देशात येताना भरायच्या डिक्लरेशनमध्ये जाहीर कर, लपवलंस तर जागेवर 400 डॉलर दंड. मी जाहीर केलेले, तरी अधिकारी बूट घेऊन आत गेला आणि पाच मिनिटांनी धुऊन, ओलेच हातात दिले, मी घासले होते त्यापेक्षा स्वच्छ.