गल्ल्यामागून : उपाड, गरबा आणि भाचा

प्रश्न : ताई, बडोद्याच्या रावपुऱ्यात आमचं फरसाणाचं दुकान आहे, मागेच कारखाना. माणसं सात. कढईवरचा मुख्य कारागीर सासऱ्यांच्या वेळेपासूनचा, अगदी घरच्यासारखा. पगार १८,०००, तो २०२१ मध्ये ठरवला होता. पण दर महिन्याच्या वीस तारखेला त्याला उपाड, म्हणजे पगारावर उचल, लागतो. साठत साठत तो ५४,००० झालाय. आता मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी आणखी २०,००० मागतोय. यजमान म्हणतात, एक पैसा देऊ नकोस, दिवाळीच्या बोनसमधून वळते करून घे आणि पुढे अर्धा पगार काप. तो सोडून गेला तर? भाकरवडी आणि लीलो चेवडो (हिरवा चिवडा) त्याच्याच हातचा. शिवाय बाकीची पोरं कुजबुजतात, याला मिळतो मग आम्हाला का नाही.

उत्तर : तुमच्या पत्रातलं एक वाक्य जाता जाता आलंय, मी तिथेच अडले. पगार २०२१ मध्ये ठरवला होता. त्यानंतर भाकरवडीचा भाव किती वेळा वाढला ते तुम्हाला मी विचारायला नको. दर वीस तारखेला पैसे मागणारा माणूस उधळ्याच असतो असं नाही. बऱ्याच घरांत पगार वीस तारखेला संपतो, एवढंच. म्हणजे तुम्ही त्याला पगारवाढ देतच आला आहात, फक्त ती त्याच्या नावावर कर्ज म्हणून लिहिताय.

खरं काय ते चोपडीत दिसेल. गेल्या दोन वर्षांतले त्याचे उपाड एका कागदावर तारखेनिशी उतरवा. दर महिन्याला साधारण सारखीच रक्कम असेल तर पगार अपुरा आहे. मधूनच एकदम मोठी रक्कम असेल तर आजारपण, लग्न, गावाकडचं घर, असं काहीतरी. आणि गेल्या पाच-सहा महिन्यांतच आकडा फुगला असेल, तर बाहेर कुणाचं व्याज चालू आहे का ते विचारा. तिन्हीचे इलाज वेगळे आहेत, आणि चोपडी न बघता यजमानांनी चौथाच सुचवलाय.

अर्धा पगार कापला तर काय होईल? हातात नऊ हजार येतील. घर नऊ हजारांत चालत नाही, म्हणून तो आठ तारखेला व्याजवाल्याकडे जाईल. शेकडा दहा रुपये महिना या दराने नऊ हजारांचं नुसतं व्याजच महिन्याला ९०० रुपये. तुमचं कर्ज सहा महिन्यांत फिटेल, त्याचं दुसरं उभं राहील, आणि त्या सहा महिन्यांत शेजारच्या दुकानदाराने त्याला दोन हजार जास्त देऊ केले तर तो का थांबेल? पगारातून होणारी सगळी कपात मिळून निम्म्याच्या वर नेता येत नाही असं कायदाच म्हणतो. यजमान अगदी त्या टोकावर जाऊन उभे आहेत.

माझं म्हणणं असं. आधी पगार आजच्या भावाला आणा, किती ते तुम्ही बाजारात विचारून ठरवा. मग जुने ५४,००० वेगळ्या पानावर घ्या आणि महिन्याला २,००० कापा. सत्तावीस महिने लागतील, लागू द्या. व्याज लावू नका. फीचे २०,००० द्यायचे ठरलं तर त्याच्या हातात न देता कॉलेजात भरा आणि पावती फाइलला लावा. त्याच्यावर संशय म्हणून नाही. रोख घरी गेली की घरातली दुसरी गरज आधी उभी राहते, आणि मुलीची फी तशीच राहते. बोनसला मात्र हात लावू नका. वीसच्या खाली माणसं असल्याने बोनस कायद्याने तुमच्यावर बंधनकारक नाही, तुम्ही रिवाज म्हणून देता. पण दिवाळीला सगळे पाकीट घेऊन घरी जाणार आणि सर्वांत जुना माणूस रिकाम्या हाताने, हे त्याच्या बायकोला कोण समजावणार?

हे सगळं बोलायचं ते दुपारी तीनच्या सुमारास, दुकान शांत असताना, आतल्या खोलीत. कढईपाशी नाही, पोरांसमोर तर नाहीच. यजमानांना बरोबर घ्या, पण बोलायचं कोणी ते आधी ठरवा. दोघं दोन आकडे सांगायला लागलात तर तो मोठा आकडा ऐकेल. ठरेल ते गुजरातीत लिहा, त्याला वाचता येतं त्या भाषेत. तुमची आणि त्याची सही, एक प्रत त्याच्याकडे.

पोरांच्या कुजबुजीवर उपाय एकच नियम, सगळ्यांना सारखा. त्या महिन्यात जेवढे दिवस भरलेत त्याच्या पगाराच्या पाव हिश्शापर्यंत उपाड, वीस तारखेलाच, आणि तो त्याच महिन्याच्या पगारातून वळता. मोठं कर्ज वेगळं, ते वर्षातून एकदाच आणि लेखी. पगार मात्र सात तारखेच्या आत, बँकेत. मालकाचीच तारीख हलत असेल तर माणसाने वीस तारखेला मागू नये असं म्हणायला तोंड राहत नाही.

आता ते ‘घरच्यासारखा’. मी मकरपुऱ्यात शाळेच्या गणवेशांचा शिवणकारखाना चालवला, तेव्हापासून हा शब्द ऐकतेय आणि त्याची मला धास्ती आहे. घरच्या माणसाला पगारवाढ मागायला लाज वाटते, सुट्टी मागायला लाज वाटते, म्हणून तो उपाड मागतो. घरच्यासारखं करायचंच असेल तर त्याचा विमा काढा. सात माणसं म्हणजे ईएसआय (सरकारी कामगार विमा) तुम्हाला लागू नाही. पण बँकेत पंतप्रधान सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत मिळतो, अपघाती मृत्यूला दोन लाख, वय १८ ते ७०. जीवनज्योती ४३६ रुपयांत, कुठल्याही कारणाने मृत्यू आला तरी दोन लाख, तिथे वय १८ ते ५०. मे महिन्याच्या अखेरीस पैसे खात्यातून आपोआप कापले जातात, तेव्हा खात्यात शिल्लक हवी. माणशी ४५६ रुपये तुम्हीच घाला. मात्र तेलाने हात भाजला तर दवाखान्याचा खर्च यातला कुठलाच विमा देत नाही, तो तुमच्या गल्ल्यातून गेला पाहिजे. आणि कारखान्यात नळ चालू ठेवा. भाजल्या जागेवर वीस मिनिटं वाहतं गार पाणी. हळद आणि टूथपेस्ट नको, कारागीर पहिल्यांदा तेच शोधतात.

प्रश्न : मंगळबाजारात माझं इमिटेशन दागिन्यांचं दुकान आहे. तीन मुली कामाला. नवरात्राचे नऊ दिवस सातला निघतात आणि सकाळी डोळे चोळत येतात. सीझनमध्ये असं कसं चालेल?

उत्तर : बडोद्यात राहून गरब्याला जाऊ नका म्हणणारा मालक मी अजून पाहिलेला नाही. सातनंतर तुमचं गिऱ्हाईक तरी कुठे असतं? तेही मैदानावरच. तुमचा खरा धंदा नवरात्राच्या आधीचे दोन-तीन आठवडे, तेव्हा मुली रात्री दहापर्यंत थांबतात ना? त्या तासांचे पैसे दुप्पट दराने द्या आणि रिक्षाचं भाडं वेगळं. मग नऊ दिवस दुकान अकराला उघडा, साडेसहाला बंद. सकाळी उघडायची पाळी तिघींनी आपसात ठरवायची आणि कागद घटस्थापनेच्या आधी भिंतीवर लावायचा. वाद त्या आपसात मिटवतील, तुम्ही मध्ये पडू नका.

उत्तरायणाचंही आत्ताच सांगून टाकते. १४ आणि १५ जानेवारीला दुकान उघडून बसण्यात काहीच अर्थ नाही, सगळं गाव गच्चीवर असतं. ते दोन दिवस सुट्टी जाहीर करून टाका, खाडा धरू नका. आपण मराठी मालक गौरी-गणपतीला दुकानाकडे फिरकत नाही, तेव्हा दुकान त्याच मुली सांभाळतात.

प्रश्न : बहिणीचा वीस वर्षांचा मुलगा माझ्या अलकापुरीतल्या स्टेशनरी-झेरॉक्सच्या दुकानात आहे. रोज अर्धा-पाऊण तास उशीर. दुसरे दोघे वेळेवर येतात आणि माझ्याकडे बघतात. बहिणीला वाईट वाटेल म्हणून बोलत नाही.

उत्तर : भाऊ, ते दोघे तुमच्याकडे बघतात म्हणजे उत्तर मागतात. मस्टर सगळ्यांना एक. तीन उशिरांना अर्धा दिवस खाडा असेल तर भाच्यालाही. पहिल्यांदा कापाल त्याच्या आधी त्याला दुकानाबाहेर, चहाच्या टपरीवर नेऊन सांगा. बहिणीला फोन करू नका, तो वीस वर्षांचा आहे. मामा म्हणून जे द्यायचं ते वाढदिवसाला घरी द्या. आणि दुकानात त्याने तुम्हाला ‘मामा’ म्हटलं तरी चालेल, फक्त गल्ल्याची किल्ली त्याच्याकडे असेल तर दिवसाचा हिशेब दुसऱ्या एकाने मोजायचा. तो चोर आहे म्हणून नाही. उद्या शंभर रुपये कमी भरले तर बिल त्या दोघांवर फाटू नये म्हणून.

प्रश्न : मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) माझं छोटं वर्कशॉप आहे, कामगार अकरा. सल्लागार म्हणतो, मस्टरवर नऊच दाखवा, ईएसआयची भानगड नको. इतर सगळे असंच करतात का?

उत्तर : इतर काय करतात याची यादी माझ्याकडे नाही, पण तुमच्या प्रेस मशीनवर कुणाचं बोट गेलं तर इतर येणार नाहीत. दहा माणसं झाली की ईएसआय लागू, आणि एकदा लागू झालं की पुढे माणसं दहाच्या खाली आली तरी ते सुटत नाही. २१,००० पर्यंत पगार असलेले सगळे त्यात. मालकाचे ३.२५ टक्के, कामगाराचे ०.७५. चौदा हजारांच्या माणसामागे तुमचे ४५५ आणि त्याचे १०५. अकराही जण त्याच पगारावर धरले तरी तुमचा महिन्याचा खर्च पाच हजारांच्या आसपास.

त्यात त्याच्या सगळ्या घराला दवाखाना मिळतो, गोत्री रोडला त्यांचं हॉस्पिटलच आहे. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन, आणि कामावर इजा झाली तर बरा होईपर्यंत ९० टक्के. मस्टरवर नऊच दाखवून ईएसआय टाळलं तर अकरापैकी कुणालाच यातलं काही नाही. कुणालाही इजा झाली की भरपाई तुमच्या खिशातून, आणि वर मस्टर खोटं का हे विचारायला इन्स्पेक्टर. शिवाय कुठल्या दोघांना गाळायचं ते तुम्ही कसं ठरवणार होतात? साधारणपणे नवीन पोरं गाळतात, आणि बोट नवीन पोरांचंच जातं.

सल्लागाराला सांगा, अकराच्या अकरा नावांनी नोंदणी कर. नाही म्हणाला तर ऑनलाइन तुम्हालाही करता येते, प्रत्येकाचं आधार आणि बँक पासबुक जवळ ठेवा, आणि घरच्यांची नावं त्यांनाच विचारून भरा. भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत करायचा असतो.