लंडन-न्यूयॉर्क विमानप्रवास: अंतर एकच, मग जाता-येता वेळ वेगळा का?

लंडनचा हीथ्रो विमानतळ ते न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ हे सरळ हवाई अंतर साधारण 5,540 किलोमीटर आहे. लंडनहून न्यूयॉर्कला जायला 8 तासांच्या आसपास लागतात, येताना मात्र 7 तासांच्या आत-बाहेर. फरक पडतो तो वाऱ्यामुळे. साधारण 10 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा जोरदार वारा वाहतो. येताना तो पाठीशी असतो, जाताना तोंडावर. हिवाळ्यात तर त्याचा जोर आणखी वाढतो. फेब्रुवारी 2020 मध्ये वादळी वाऱ्यांच्या जोरावर ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून 4 तास 56 मिनिटांत लंडनला पोहोचलं होतं!

नुसतं अंतर भागिले ताशी 900 किलोमीटर केलं तर सहा तासांच्या थोडं वर उत्तर येतं, पण त्यावर जाऊ नका. धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं, चढणं-उतरणं, उतरण्याआधी घातलेल्या घिरट्या, हे सगळं त्यात धरलेलंच नसतं.

आणि हो, तिकिटावरच्या वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात. न्यूयॉर्क बहुतेक वर्षभर लंडनच्या 5 तास मागे. त्यामुळे सकाळी 11 ला निघून दुपारी 2 ला पोहोचणार असं दिसलं, तरी प्रवास तीन नाही, आठ तासांचा आहे.