जैतापूरच्या शेतकऱ्यांनी चेक उचलले, मग अणुप्रकल्पाला विरोध अजून कसा?

'जमिनीच्या मोबदल्याचा चेक उचलला म्हणजे विरोध संपला' हे गणितच चुकीचं आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या माडबन, करेल, निवेली, मिठगवाणे या पट्ट्यातली ९३८ हेक्टर जमीन प्रकल्पासाठी १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली गेली. त्यात खातेदाराची संमती लागतच नव्हती. चेक नाकारला तर रक्कम कोर्टात जमा होणार आणि ताबा घेतला की जमीन सरकारची. उलट, चेक घेताना निषेध नोंदवला नाही तर वाढीव मोबदल्यासाठी कलम १८ चा अर्ज करायचा हक्कही जायचा. निवाड्याला, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या सरकारी निर्णयाला, हजर असलेल्याला त्या अर्जासाठी मुदत सहा आठवड्यांची होती. सातबाऱ्यावर सहहिस्सेदारांची रांग, त्यातले निम्मे मुंबईला. सह्या जमेपर्यंत मुदत सरायची. एवढं असूनही माडबनकरांनी कित्येक वर्षं चेक नाकारले. २०१३ मध्ये दर हेक्टरी २२.५ लाखांवर गेला, तेव्हा बऱ्याच जणांनी घेतले. हातची गेलेली जमीन, तिचे पैसे घेतले म्हणून कुणाला 'विकला गेला' म्हणणं मला अजिबात मान्य नाही.

आणि प्रकल्पाजवळच्या साखरीनाटे या मच्छीमार गावाचं काय? तिथल्या मच्छीमाराचा चेकशी संबंधच नाही, कारण समुद्राला सातबारा नसतो. अणुभट्टीतल्या उष्णतेपैकी जेमतेम एक तृतीयांशाची वीज होते, बाकीची थंड करायच्या पाण्याबरोबर बाहेर पडते. इथे सहा भट्ट्यांचं मिळून रोज ५,२०० कोटी लिटर कोमट पाणी समुद्रात जाणार. पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू घटतो, मासा जागा बदलतो. त्याच्यामागे लांब जायचं तर डिझेल वाढतं. वर प्रकल्पाच्या सुरक्षेच्या हद्दीत होडी घालता येणार नाही, ते वेगळंच. प्रकल्पविरोधी आंदोलनावर १८ एप्रिल २०११ ला पोलिसांनी केलेला गोळीबार साखरीनाटे गावातच झाला, त्यात एक तरुण मच्छीमार गेला.

सगळा भाग विरोधात आहे असं मात्र नाही. नोकऱ्या आणि ठेके मिळतील म्हणून प्रकल्प हवा असणारेही तिथलेच आहेत. कोमट पाणी किती दूर पसरेल हे भरती-ओहोटी आणि प्रवाहांवर ठरतं. किरणोत्सर्गाने हापूस जाईल या भीतीपेक्षा मला पाण्याचा प्रश्न मोठा वाटतो.

खरं मत जाणून घ्यायचं असेल तर चेक मोजू नका, जेटीवर जा. मच्छीमारांना भरपाई द्यायची ठरली तर नाव कोणत्या कागदावरून घेणार, हे विचारा: होडीची नोंदणी, मासेमारी परवाना की मच्छीमार सोसायटीचं सभासदत्व? नोंदणी आणि परवाना दोन्ही मालकाच्या नावावर असतात. खलाशाचं नाव त्यात कुठेच नसतं.